माश्यांची दाढी आणि डिंकाची डबी

रविवारी सकाळी मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर बसलेल्या मधुबाबांच्या हनुवटीपासून छातीपर्यंत जिवंत मधमाश्यांची दाढी लोंबत होती. हजारो माश्या, एकमेकींना धरून, गुणगुणत. आणि एकही चावत नव्हती.

"मी माश्यांना बोलावत नाही, माश्याच मला बोलावतात!" बाबा माइकवर म्हणाले. "माणसाच्या कातडीत पाप असतं, माशीच्या डिंकात पुण्य असतं. डबी घ्या, लावा, आठ दिवसांत आरसा बदलेल!"

"आरसा कशाला बदलायचा?" तिसऱ्या रांगेतल्या डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. शेजारच्या नणंदेने त्यांना कोपर मारलं.

डॉक्टरीणबाई सरकारी दवाखान्यात तीस वर्षं त्वचारोग पाहत होत्या. राख, पाला, मंतरलेलं पाणी, सगळं बघून झालं होतं. आता राग यायचा नाही, नुसता शीण यायचा. आज आल्या त्या नणंदेच्या हट्टापायी.

नणंदेच्या पलीकडे बसलेली तिची मुलगी एकोणीस वर्षांची. लहानपणापासून इसब, कधी कोपरावर, कधी गालांवर. मामीच्या औषधाने कमी व्हायचं, पुन्हा डोकं वर काढायचं. गेला दीड महिना मात्र चेहरा लख्ख होता.

"वहिनी, राग मानू नका," नणंद म्हणाली, "पण तुम्हाला सात वर्षांत जमलं नाही ते बाबांनी आठ दिवसांत केलं."

हे मात्र लागलं. डॉक्टरीणबाईंनी उत्तर द्यायला मान वळवली आणि भाचीचे गाल त्यांना पहिल्यांदाच भर उन्हात दिसले. गुळगुळीत, जरा जास्तच. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ कातडी, तिच्याखाली लाल शिरांचं जाळं, कानशिलांवर नवी लव. असे चेहरे हल्ली दवाखान्यात दर आठवड्याला दोन-तीन येत होते.

"तुझी डबी दे बघू."

"मामी, फेकून देणार ना? घरी अजून एक आहे हं."

"नाही गं. वाचणार आहे."

डबीवर वाचण्यासारखं काहीच नव्हतं. नुसता बाबांचा फोटो.

अर्धं मलम त्यांनी प्रयोगशाळेत पाठवलं आणि उरलेलं घेऊन मधपाळ काकांकडे गेल्या. काका त्यांचे जुने पेशंट, चाळीस पेट्या सांभाळणारे. त्यांनी मलम बोटावर चोळलं, हुंगलं.

"डिंक आहे, पण नावापुरता. झाडांच्या कळ्यांवरचा चीक आणून माश्या पेटीच्या फटी बुजवतात, तोच हा. एका पेटीतून वर्षाकाठी मूठभर निघतो. बाबांच्या एवढ्या डब्या भरायच्या तर अख्ख्या मुलखातल्या माश्या जुंपाव्या लागतील!"

"आणि ती दाढी?"

काका हसले. "त्यांच्या गळ्यात लॉकेट आहे का हो? जाळीचं?"

होतं.

पंधरा दिवसांनी तपासणीचा अहवाल आला. पुढच्या रविवारी बाबा नेहमीप्रमाणे गरजले, "ज्याला शंका असेल त्याने वर यावं!" आणि काका सरळ वर गेले, मागोमाग अहवाल घेऊन डॉक्टरीणबाई. बाबा मागे सरकू लागले, पण दाढी लोंबत असताना माणूस उठून पळूही शकत नाही. काकांनी हलक्या हाताने लॉकेट सोडवलं आणि माइकच्या दांड्याला अडकवलं.

हळूहळू माश्या बाबांची हनुवटी सोडून माइकवर जमू लागल्या. पंधरा मिनिटं लागली. शेवटी बाबांची गुळगुळीत हनुवटी उघडी पडली आणि माइकला भरघोस दाढी आली. मागच्या बाजूला कोणीतरी खुदकन हसलं.

"लॉकेटमध्ये राणीमाशी कोंडलीय," काका ओरडून म्हणाले. "जिथे राणी तिथे बाकीच्या. साखरेचं पाणी पोटभर पाजलं की सहसा चावतही नाहीत. माइकने काय तप केलं होतं?"

माइक माश्यांनी झाकला होता, म्हणून डॉक्टरीणबाईंना थकल्या आवाजातच ओरडावं लागलं. "मलमात जबर ताकदीचं स्टेरॉईड आहे. ते मीही लिहून देते, पण मोजून, ठरलेल्या दिवसांपुरतं. महिनोन्‌महिने चेहऱ्यावर चोळलं तर कातडी विरते. आणि एकदम थांबवलं की सगळं दुपटीने उसळतं. म्हणून डबी लावणाऱ्यांनी उद्या दवाखान्यात यावं."

"म्हणजे डिंकही खोटाच?" एकाने विचारलं.

"डिंक बिचारा खरा आहे. त्याने सूज उतरते का, जखम भरते का, यावर अभ्यास चाललाय. थोडी आशा आहे, पक्कं अजून नाही. काहींना त्याचीच ॲलर्जी येते. जेवढं कळलंय तेवढंच सांगते."

टाळ्या पडल्या नाहीत. बाबा मागच्या पायऱ्यांनी केव्हाच उतरले होते. काही लोक डॉक्टरीणबाईंवरच चिडून निघून गेले. एका बाईने तर विचारलं, "मग आता दुसरे चांगले बाबा कोण?" डॉक्टरीणबाई मटकन खुर्चीत बसल्या.

सोमवारी दवाखान्याची रांग फाटकापर्यंत गेली. आठ-दहा दिवसांपूर्वीच डबी संपलेली काही माणसं लाल, सुजल्या चेहऱ्यांनी आली होती. त्यांच्यातच केसपेपर धरून नणंद आणि भाची उभ्या होत्या.

"अगं, आत यायचं की सरळ!"

"राहू दे, वहिनी. नंबर येईल तेव्हा येतो." नणंदेने मान वर केली नाही.

नंबर आला. मलम हळूहळू कसं सोडायचं, मध्ये चेहरा किती बिघडेल, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती दिवस, मामी?"

"तीन महिने. कदाचित जास्त. इसब मुळापासून जाईल असं वचन मी देत नाही, बाळा. आटोक्यात ठेवू."

चिठ्ठी घेऊन नणंद उठली, दारापर्यंत गेली आणि परत वळली. "वहिनी, यात काय काय आहे? प्रत्येकाने काय होतं?"

बाहेर अजून साठ माणसं होती. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं, चिठ्ठी पुन्हा हातात घेतली आणि पहिल्या ओळीपासून समजावून सांगायला लागल्या.

एवढंच करायचं असतं. समोर दाढीवाला असो की डॉक्टर, विचारायचं. जो जाणतो तो सांगतो, जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणतो. जो नुसता पुण्य सांगतो, त्याची डबी तिथेच ठेवून घरी यावं.