ग्लुकोजचं पाणी

सुनेला सकाळपासून मळमळत होतं, त्यातून उपाशीपोटी यायला सांगितलेलं. रक्त तपासायच्या खोलीतल्या बाईंनी तिच्या हातात ग्लुकोजच्या पाण्याने भरलेला मोठा ग्लास दिला.

"सगळं प्यायचं. मग दोन तास इथेच बसायचं. खायचं नाही, फिरायचं नाही. उलटी झाली तर लपवू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा करू."

तपासणी तशी सोपी असते. गरोदरपणात काही बायकांच्या शरीराला साखर आवरत नाही. त्यांना स्वतःला काही जाणवत नाही, पण जादा साखर पोटातल्या बाळापर्यंत जाते आणि बाळ नको तितकं वाढतं. म्हणून मुद्दाम गोड पाजायचं आणि शरीर ते कसं पेलतं हे रक्तात बघायचं.

बाहेर बाकावरच्या शेजारणीने नाक दाबून आपला ग्लास रिकामा केला. "अगं बाई! इतकं गोड तर माझी सासू लग्नातसुद्धा बोलली नव्हती."

सून हसली आणि हसता हसताच तिला उमासा आला. अर्धा ग्लास कसाबसा पोटात गेला होता. ती सोबत आलेल्या सासूबाईंकडे वळली.

"आई, नाही जात हो. उद्या परत येऊ या का?"

"उद्या परत उपाशी राहणार? परत सुया टोचून घेणार? काही नको." सासूबाईंनी आत डोकावून पाहिलं. तपासणाऱ्या बाई पाठमोऱ्या, नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. "आण इकडे."

"अहो, तुम्ही कशाला..."

"गप बस. लेकीचं उष्टं प्यायला लाज कसली?"

आणि उरलेलं पाणी त्या घटाघटा प्यायल्या. शेजारीण तोंडाला पदर लावून हसली. सुनेचे मात्र डोळे भरून आले. तिची आई लहानपणीच गेली होती. अशी सासू शोधून सापडत नाही, असं ती घरी गेल्यावर नवऱ्याला दहादा म्हणाली. ग्लासाचं तेवढं बोलली नाही.

साखर व्यवस्थित असल्याचा निकाल आला.

पुढे पोट भराभर वाढलं. सासूबाई कौतुकाने बघायच्या. "गुटगुटीत येणार हो आमचं बाळ!"

एकदा सून चाचरत म्हणाली, "आई, ती तपासणी परत करून घेऊ का? तेव्हा मी अर्धंच..."

"चांगलं आलंय ना? मग उगाच नसतं उकरून काढू नकोस."

बाळंतपणात बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. डॉक्टरीणबाईंनी शर्थ केली, बाळ वाचलं. पण उजवा हात नाचवणाऱ्या त्या पोराचा डावा हात अंगालगत नुसता पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई खाटेपाशी आल्या. "बाळ इतकं वजनदार, जन्मल्या जन्मल्या त्याची साखर खाली गेलेली. आईची साखर वाढलेली असली की असं होतं. तपासणी तर चांगली होती. मला कोडंच पडलंय. ते पाणी पूर्ण प्यायला होतात ना?"

"मी सांगतो," नवरा मध्येच म्हणाला. "हिच्या खाण्याला धरबंदच नव्हता. बिस्किटांचे पुडेच्या पुडे फस्त!"

सुनेने सासूबाईंकडे पाहिलं. त्या बाळाला मांडीवर घेऊन दुपटं सारखं करत होत्या.

"आई, डॉक्टर विचारतायत."

"मला काय त्यातलं कळतंय? मी आपली सोबतीला आले होते."

दुपटं पुन्हा एकदा सारखं झालं.

"अर्धंच प्यायले," सून म्हणाली. "उरलेलं ओतून दिलं."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. "अहो, निदान सांगायचं तरी! पथ्य केलं असतं, औषध दिलं असतं. कदाचित हा हात..." पुढचं त्यांनी गिळलं आणि सुनेची साखर ताबडतोब तपासायला सांगून त्या निघून गेल्या.

"म्हणजे तू?" नवऱ्याचा आवाज चिरकला. "माझ्या पोराचा हात तू घालवलास?"

"जाऊ दे रे," सासूबाई हळुवारपणे म्हणाल्या. "पोर आहे, चुकली. आपणच सांभाळून घ्यायचं."

सुनेने दोन्ही हात पुढे केले. "बाळ इकडे द्या."

"राहू दे गं, आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."

"द्या म्हटलं ना!"