निळा दिवा आणि हलीमाबीचा मटका

बाळापूरच्या एका स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलेला, आता पिवळट पडलेला पांढरा डबा म्हणजे मी. माझ्या खाली घिनोची आहे. पाण्याची भांडी ठेवायच्या ओट्याला आमच्या वऱ्हाडात घिनोची म्हणतात. मित्रांनो, मी नळाचं पाणी अतिनील किरणांनी शुद्ध करतो, आणि माझं सारं आयुष्य या ओट्याच्या सोबतीनं गेलं.

कारखान्यात माझ्या पोटात एक चकचकीत पोलादी नळी बसवली गेली. नळीत काचेचं आवरण, आवरणात लांबट दिवा. पाणी त्या काचेभोवतून वाहत जातं. दिव्याचा जो किरण काम करतो तो डोळ्यांना दिसत नाही. माझ्या पुढच्या खिडकीतून दिसतो तो त्याच्यासोबत येणारा निळसर उजेड. किरण जंतूंच्या आत शिरतो आणि त्यांची वाढण्याची शक्तीच मोडतो. मग ते पोटात गेले तरी त्यांची पिलावळ वाढत नाही. पाण्याची चव मात्र मला बदलता येत नाही. आणि एकदा माझ्या तोटीतून बाहेर पडलेल्या पाण्याची राखणही मला करता येत नाही.

मला अकोल्याहून शाकीबनं आणलं. तो पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. कापसानं दगा दिलेली ती वर्षं होती. विहिरी आटलेल्या, वीज निम्मा दिवस गायब, शेतातले पंप गप्प, म्हणून शाकीबचं दुकानही गप्प. तरी त्यानं मला आणलं, कारण त्याची चार वर्षांची लेक तहरीम पुन्हा पुन्हा जुलाबांनी आजारी पडायची. एकदा तर तिला दवाखान्यात सलाईन लावावं लागलं होतं. तिच्या मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकायची.

शाकीबची आई हलीमाबी हिला मी पहिल्या दिवसापासून पटलो नाही. तिनं माझं पाणी चाखलं आणि शेजारच्या कौशल्येला हाक मारली.

"कौसल्या, पाय वं हे! जसं पाणी आत गेलं तसंच बाहीर आलं. हा डब्बा करते तरी काय?"

"चाची, त्याच्यात बत्ती हाये नं. बत्तीनं जंतू मरते म्हणे."

"बत्तीनं मरत असते तं आमच्या मोहल्ल्यात एक मच्छर राह्यला नसता!"

दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. मी आपला निळा उजेड देत राहिलो. डब्याला दुसरं काय येतं?

वीज गेली की माझा दिवा विझतो आणि आतली झडप पाणी अडवते. किरण न लागलेला एक थेंबही मी पुढे सोडत नाही. म्हणून वीज असताना शाकीबची बायको शाइस्ता माझ्या तोटीखालचा मातीचा मटका भरून ठेवायची. माझं पाणी त्या मटक्यात जाताना मला बरं वाटायचं. तहरीम गार पाणी पिणार, असं मनात यायचं.

पावसाळा लागला आणि घरात बहुतेकांची पोटं बिघडली, तहरीम तर पुन्हा आजारी पडली. तिचे ओठ सुकले, डोळे खोल गेले. हलीमाबी तिच्या उशाशी मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजत बसली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "शाकीब, जुम्म्याच्या आधी हा डब्बा काढून टाक. मायी नात बेजार अन् हा निळा डोळा लावून पाह्यते!"

शाकीबनं होकाराची मान हलवली. मित्रांनो, त्या दिवशी मला वाटलं, माझी भिंत सुटली. त्याहून जास्त हे वाटलं की मी गेलो तर पोरगी साधंच पाणी पिणार.

शाइस्ता लग्नाआधी अकोल्याच्या कॉलेजात विज्ञान शिकलेली. ती बोलायची कमी, बघायची जास्त. माझ्यातून येणारं पाणी स्वच्छ, दिवा नवा, मग चूक कुठे? त्या दिवशी दुपारी तिचे सासरे अब्दुल सत्तार घिनोचीपाशी आले. त्यांचे दात दुखायचे, गार पाणी सोसत नसे, म्हणून ते मटका सोडून थेट माझ्या तोटीखाली पेला धरायचे. शाइस्ता त्यांच्याकडे बघत राहिली. घरात एकटे अब्बाच मटक्याचं पाणी पीत नव्हते, आणि सगळ्यांचं पोट बिघडलं तेव्हा एकट्या अब्बांचंच ठणठणीत होतं.

"अम्मी, हा मटका खालपर्यंत कधी धुतला होता?"

"वरून तं रोजच पुसतो."

"आतून?"

"आतून धुवाले रिता करा लागते. घिनोचीवर रिता मटका ठेवत नसतात, बरकत जाते. मायी सास गेली, पण तिनं कधी ठेवला नाही."

ते खरंच होतं. या घरात जुन्या पाण्यावर नवं पाणी पडायचं. दोन पिढ्यांची बरकत तळाशी साठत आली होती.

शाइस्तानं वाद घातला नाही. ती कौशल्येकडे गेली आणि तिचा नवा, न वापरलेला माठ मागून घेऊन आली. मागोमाग कौशल्याही आली. शाइस्तानं माठ धुतला, माझ्या तोटीखाली काठोकाठ भरला आणि जुन्या मटक्याशेजारी ठेवला.

"अम्मी, आता घिनोची रिती तं नाही नं?"

"नाही," हलीमाबी म्हणाली.

"मग जुना रिता करू?"

 हलीमाबी स्वतः उठली, तिनं मटक्यातलं पाणी अंगणातल्या लिंबाला घातलं आणि आत हात घालून तळ चाचपला. हात बाहेर आला तेव्हा बोटांना शेवाळासारखा बुळबुळीत थर लागलेला. ती बोटांकडे बघत राहिली.

"चाची, काय झालं?" कौशल्या म्हणाली.

"काही नाही. राख अन् नारळाची शेंडी आण."

तिनं मटका घासला, उन्हात पालथा घातला. तहरीमला त्या दिवसापासून नव्या माठातलं पाणी मिळू लागलं, तेही लांब दांड्याच्या ओगराळ्यानं काढलेलं. ती हळूहळू सावरली. शुक्रवार आला नि गेला. मला काढायचं कुणी बोललं नाही. तेव्हापासून घिनोचीसाठी दोन मटके आहेत. एक भरलेला असतो तेव्हा दुसरा उन्हात पालथा असतो. बरकतही राहिली आणि पोरगीही.

आता तहरीम अमरावतीला राजापेठेत क्लासला जाते. माझा दिवा या काळात अनेकदा बदलला गेला, कारण निळा उजेड दिसत राहिला तरी आतला किरण वर्षभरात थकतो. सध्या तो असाच थकला आहे आणि नवा यायचा आहे. तोवर शाइस्ता पाणी उकळते. मी नुसता लुकलुकतो, पण माझ्या लुकलुकण्यावर ती भुलत नाही.

गेल्या सुट्टीत तहरीम आली. हलीमाबीचे हात आता थरथरतात, तिला मटका उचलवत नाही.

"दादी, ठेव. मी करतो," तहरीम म्हणाली.

"तळ चांगला घास बरं. वरून पुसून भागत नसते."

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राचा दिवा वेळेवर बदला, काच पुसा. पण पाणी बाधलं तर दोष देण्याआधी एकदा आपल्या मटक्यात हात घालून बघा. माझी नजर तोटीपर्यंतच पोचते. त्यापुढचं पाणी तुमच्या हाती असतं.