काळोबाची जागा

तेमिरकुलने नाकातली नळी सांभाळत ती पुरेल तिथपर्यंत पावलं टाकली आणि दारावरच्या लोकरीच्या जाड नमद्याच्या पडद्याला कान लावला. पलीकडे पुढच्या खोलीत त्याची सून सालकीन फोनवर बोलत होती. आवाज दबका होता. म्हणूनच त्याला तो ऐकायचा होता.

“काळोबाला आजच बाहेर काढायचं,” ती म्हणत होती. “नुसता धूर ओकतो. एक पाय तर आधीच लटका झालाय. जुना आहे, मलाही वाईट वाटतं. पण तो आणि ऑक्सिजनचा सिलिंडर एका खोलीत नकोतच. तुम्ही दोघं आलात तर उचलला जाईल.”

तेमिरकुलने आपल्या उजव्या गुडघ्याकडे पाहिलं. घोड्यावरून पडल्यापासून तो पाय ओढत चालायचा. शाळेच्या बॉयलरमध्ये त्याने उभी हयात कोळसा लोटला होता आणि त्या कोळशानेच पुढे त्याची छाती खाल्ली होती. त्या काळी पोरं त्याला पाठीमागून काळोबा म्हणायची. ते नाव सुनेपर्यंत पोचलं असेल असं मात्र त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

तो गादीवर येऊन बसला. उशाशी ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरत होतं. आता एकेका गोष्टीचा अर्थ लागत होता. यंदा धरणात पाणी कमी, म्हणून भर थंडीत रोज वीज जायची. यंत्र बंद पडलं की सालकीन नळी सिलिंडरला जोडून द्यायची. पण त्याबरोबर तिने एकेक गोष्ट काढून घ्यायला सुरुवात केली होती. आधी मेणबत्त्या गेल्या. मग त्याने फुटलेल्या ओठांना मेंढीची चरबी चोळली, तर लहान पोराचं तोंड पुसावं तशी तिने ती फडक्याने पुसून काढली. तालुक्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑक्सिजनपाशी आग नको आणि तेलकटही काही नको. कोणती आग कुठवर जाते हे मला बाईमाणसाने शिकवू नये, असं तो म्हणाला होता. वर टोमणाही मारला होता, की सालकीन म्हणजे गारवा, आईबापांनी नाव अगदी पारखून ठेवलंय. ती खाली बघून हसली होती, आणि मेणबत्त्या घेऊन गेली होती.

आणि आज सकाळपासून तिने कोपऱ्यातल्या शेगडीत कोळशाचा एक खडा घातला नव्हता. त्याचा श्वास पांढरा दिसायला लागला होता.

त्याने रशियात गवंडीकाम करणाऱ्या मुलाला, नुरदोलोतला, फोन लावला. तो परांचीवर होता. काम उरकलं की करतो म्हणाला. काय काम होतं, असं त्याने विचारलं तेव्हा तेमिरकुल एवढंच म्हणाला, की तुझ्या बायकोबद्दल बोलायचंय.

दुपार कलता कलता वीज गेली. यंत्राने लांब शिट्टी दिली. सालकीन आत आली, तिने नळी सिलिंडरला लावली, चावी फिरवली, ऑक्सिजन वाहतोय हे दाखवणारी काचेतली गोळी वर चढलेली पाहिली. ती वळताच तेमिरकुलने सिलिंडरला मिठी घातली.

एवढ्यात शेजारची बातमा आणि तिचा नवरा आत आले. नवऱ्याच्या हातात जाड हातमोजे होते. दोरही होता.

“चला, काळोबा तयार का?” बातमाने विचारलं.

“मी जाणार नाही,” तेमिरकुल म्हणाला. “गोठ्यात टाका नाहीतर बर्फात टाका. पण हा सिलिंडर माझ्याबरोबर येणार.”

बातमाने त्याच्याकडे पाहिलं, सालकीनकडे पाहिलं, मग कोपऱ्यात पाहिलं, आणि ती ट्रंकेवर बसून हसत सुटली.

“अहो भाऊ, तुम्हाला कोण उचलतंय? आम्ही शेगडी न्यायला आलोय. तिला सगळे लोखंडी शेगडी म्हणतात, आणि तुमच्या वडिलांनी तुमच्या नावातच तेमिर घातलं, म्हणजे लोखंड. ही बिचारी म्हणणार काय? म्हणते काळोबा. दुकानात खिळे घ्यायला गेली तरी म्हणते, ते टोचतं ते द्या.”

सालकीनची मान खाली गेली होती, कान लाल झाले होते.

सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही, त्या नावात दडलेला शब्दही तोंडी येऊ द्यायचा नाही, ही त्यांच्याकडची रीत तेमिरकुलला ठाऊक नव्हती असं थोडंच होतं? पण त्याच्यासमोर ती किटलीकडे, कढईकडे, शेगडीकडे नुसती हनुवटीने दाखवायची. का, ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

शेगडी दोराने बांधून बाहेर गेली. पुढच्या खोलीत, दोन खोल्यांमधल्या विटांच्या भिंतीला लागून तिला बसवलं, तिथे तिचं धुराडं जोडलं आणि ती पेटवली. सालकीनने तेमिरकुलवर दुसरी रजई घातली, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पायांशी सरकवल्या. त्याने रजईआडून, तिला दिसणार नाही असा, भिंतीला तळवा टेकवला.

शेजारी गेले, तरी त्याच्या मनातली खुटखुट पुरती गेली नव्हती.

“शेगडीला काळोबा म्हणतेस,” तो म्हणाला. “मग बाहेर मला काय म्हणतेस?”

ती वाकून काचेतली गोळी बघत होती.

“बाहेर मी तुमच्याबद्दल बोलतच नाही, बाबा.”

तेवढ्यात तेमिरकुलचा फोन वाजला. सासऱ्याला मोकळेपणी बोलता यावं म्हणून ती राखेची बादली उचलून पडद्याकडे निघाली. पण यंत्र बंद होतं, खोलीत चिडीचूप होतं, आणि नुरदोलोतचा आवाज पार दारापर्यंत पोचला.

“बाबा, तिच्याबद्दल काय बोलायचं होतं?”

सालकीन पाठमोरीच थांबली. बादली तिने खाली ठेवली नाही.

“हेच,” तेमिरकुल म्हणाला, “की तिने शेगडी पलीकडे नेली.”

“मग? थंडी वाजतेय का तुम्हाला?”

त्याला दम लागला होता. त्याने तळवा पुन्हा भिंतीला टेकवला.

“नाही,” तो म्हणाला. “भिंत गरम आहे.”