बारा प्रवाशांची लाँच

अंगठ्याच्या नखाएवढं कासव — पत्रकाच्या कोपऱ्यात निळ्या शाईनं छापलेलं, शाई जरा फाकलेली, त्यामुळे पाय चार की पाच तेही कळेना... इंद्रभाननं पत्रक खिडकीच्या उजेडात धरलं. कासवाखाली ओळ होती : बारा प्रवासी, एक कुटुंब. झालं. एवढं गोजिरं कासव, आणि खाली हे असलं लिहून ठेवायचं.

अनसिंगच्या पोस्टाचा तो सबपोस्टमास्तर. सोळा वर्षांच्या नोकरीत रजा साठत गेली होती, लेकीचं लग्न उरकलं होतं, आणि वच्छलेनं — उभ्या जन्मात काही न मागणाऱ्या त्याच्या बायकोनं — एक मागितलं होतं. समुद्र. नुसता समुद्र नव्हे, बेटावर येऊन अंडी घालणारी कासवं. कासवीण वाळूत अंडी पुरून निघून जाते, मागं वळून पाहत नाही, हे त्यानं वाचून दाखवलं, तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच. "मंग त्या लेकराईचं कोन पाह्यते?" भाकरी थापताना विचारी, अंथरूण घालताना विचारी. आणि अशी विचारताना ती त्याला इतकी आवडे, की उत्तर माहीत असूनही तो सांगत नसे.

कोकणातल्या एका बंदरातून दोन सोयी होत्या. एक मोठी आगबोट — तीनशे माणसं, बेटं दुरून दिसणार, कासवं म्हणजे नुसते ठिपके. दुसरी ही लाँच — थेट बेटाला लागणारी, वाळूत उतरवणारी. तीन दिवस, जेवण एका टेबलावर, पाणी एका पिंपातलं. तीन दिवसांत माणूस नावावर थांबत नाही. नाव, मग गाव, मग आडनाव, आणि मग हळूच ते — "पडघान म्हणजे... कोणापैकी?" ट्रेनिंगला असताना मेसमध्ये एकानं असंच गोड हसून विचारलं होतं. धम्म घेतल्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती, सांगताना इंद्रभानचा ऊर भरून आला होता. तो माणूस काही बोलला नाही, वाईटही वागला नाही; दुसऱ्या दिवसापासून फक्त उशिरा जेवायला येऊ लागला. तेवढंच. आता तेवढ्याची तक्रार कुणाकडे करणार?

मोठ्या बोटीवर कोण कुणाला विचारतं? म्हणून मागच्या आठवड्यात त्यानं वच्छलेला ठोकून दिलं, की लहान बोटीत मला उलट्या होतील. आणि आज सकाळी आगबोटीचा फॉर्म भरून, पाकीट चिकटवून, आपल्याच पोस्टाच्या लाल पेटीत टाकून मोकळा झाला.

वच्छलेचं तसं नाही. गेल्या साली वाशीमच्या एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, तर ही सरळ, "बौद्ध हाओत आमी. तुमी?" ती बाई खिडकीकडे वळली. हिनं डबा उघडला, निवांत जेवली, बोटाचं लोणचंसुद्धा चाटून खाल्लं. आणि मी? मी मागच्या बाकावर डोळे मिटून घेतले... झोप लागली होती म्हणे. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मान अवघडली असन तुमची," आणि तेल आणून चोळून दिलं. त्या तेलाचा वास आला की इंद्रभानला अजून स्वतःचा राग येतो.

दुपारी ती डबा घेऊन आली. सोबत फडक्यात बांधलेली पुरचुंडी.

"आवळकाठी हाय," ती खिडकीतून म्हणाली. "आठ दिस वाळवली. शेजारच्या भागिरथाबाईनं सांगतलं, हे चघळत राह्यलं का मळमळत नाही. आता जाऊ लहान्या बोटीनं."

इंद्रभाननं पुरचुंडी हातात घेतली. आपल्या एका थापेसाठी ही बाई आठ दिवस आवळे उन्हात घालत होती, राखत होती, रोज सांजेला आत घेत होती...

टपालाची गाडी यायला अर्धा तास होता. त्यानं पेटी उघडली. पाकीट सगळ्यात खाली. उचलून खिशात घातलं असतं, तर कोण पाहणार होतं? पण पेटीत पडलेलं पत्र टाकणाऱ्यालाही हातोहात परत मिळत नाही, अर्ज लागतो, हे त्यानं गावात कितीजणांना ऐकवलं होतं. पुंजाजीसारखा म्हातारा माणूससुद्धा त्यापायी दोनदा परत पाठवला होता. तेव्हा तो टेबलाशी बसला आणि लिहू लागला. प्रति, सबपोस्टमास्तर, अनसिंग. अर्जदार : इंद्रभान शेषराव पडघान. पत्र परत हवं असण्याचं कारण... तिथं पेन अडलं.

"सोतालेच अर्ज लिवून राह्यले का?" वच्छला वाकून पाहत होती.

"वच्छला," तो म्हणाला, "मले उलट्या नाही होत. कधीच नाही."

ती हसली नाही, रागावलीही नाही. "मंग भेव कायचं हाय तुमाले?"

भेव, म्हणाली ती. इतकी वर्षं त्यानं याला तब्येत म्हटलं, कंटाळा म्हटलं, काळजी म्हटलं, आणि हिनं एका शब्दात... तिला माहीत होतं का? असेलही. नसेलही. ते भेव गेलं नव्हतं; लाँचच्या त्या टेबलाशी बसतानाही ते तिथंच असणार होतं. पण तिला सांगावंसं वाटत होतं, सगळं, मेसपासूनचं, आणि या वाटण्याचंच त्याला एवढं नवल वाटलं, की त्यानं अर्ज तसाच ठेवला, आतल्या दाराची कडी काढून तिला आत घेतलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बस," तो म्हणाला. "सांगतो."