संकष्टीला मोडलेला उपास

शेताच्या बांधावरून पेटलेल्या वैरात वरच्या आणि खालच्या आळीची माणसं आलटून पालटून कुऱ्हाडीखाली गेली होती. शेवटचा चिमाबाईचा नवरा. उसाच्या फडात त्याचं धड एकीकडं नि शीर एकीकडं सापडलं. आता सूड घ्यायची पाळी तिच्या खालच्या आळीची. दीर सावळेराम रोज तिच्या एकुलत्या लेकाच्या, भागूच्या हातात कुऱ्हाड देई.

"बापाचं रगात पोरानंच फेडायचं. न्हाईतर मिशी भादर!"

वैर मिटवायला चिमाबाईनं गुपचूप जुन्नरच्या जहाँआरा कासारणीला गाठलं. बांगड्या भरायला ती दोन्ही आळ्यांत जायची. तिनं वरच्या आळीच्या, वैऱ्याच्याच घरातल्या बायडाबाईचा निरोप आणला, "संकष्टीला ओझरला ये. बोलू."

विघ्नहराचं दर्शन झाल्यावर दोघी नदीकाठी उतरल्या. बायडाबाईचा लेक कोंडिबा बरोबर होता. त्यानं कुऱ्हाड दगडावर ठेवली. बायडाबाईनं तांब्या पुढं केला. वैऱ्याच्या हातचं पाणी प्यालं की वैर मिटलं. हा शब्द आजवर कुणी मोडला नव्हता.

चिमाबाईची संकष्टी निर्जळी. नवरा गेला त्या महिन्यातही तिनं ती पाळली होती.

"चंद्र उगवल्यावर पिते, बाई."

"तवर तुजा दीर गप ऱ्हाईल व्हय? देव पायजे का पोरगं?"

"चल आये," कोंडिबा हसला. "हिला इखाचं भ्या वाटतंय."

चिमाबाईनं कळसाकडं बघून हात जोडले आणि तांब्या रिकामा केला.

तोच माग काढत आलेला सावळेराम बाभळीआडून धावला. "वैऱ्याचं पानी पितीस, रांडं!" त्याची कुऱ्हाड कोंडिबाच्या खांद्यात रुतली. हाड कडाडलं. कोंडिबा पाण्यात कोसळला, पाणी लाल झालं. सावळेरामनं मानेवर दुसरा घाव उगारला.

चिमाबाईनं दगडावरची कुऱ्हाड उचलली.

"भावजी, थांबा," ती नेहमीसारखंच हळू म्हणाली.

तो थांबला नाही. तिनं त्याच्या मनगटावर घाव घातला. कुऱ्हाडीसकट पंजा काठावर पडला. सावळेराम गुरासारखा ओरडत लोळू लागला.

लेकाला पाण्याबाहेर ओढून बायडाबाई त्याच्या खांद्याला पदर आवळत होती. तिनं वळून पाहिलं. "ह्ये काय केलंस गं?"

"पाणी प्याले ना मी." चिमाबाई सावळेरामाशेजारी बसली नि स्वतःचं लुगडं फाडून त्याचा हात बांधू लागली.

"तुजी भावकी आता तुलाच कापंल!"

"कापू दे. माझ्या भागूला तेवढं तुमच्या घरात घ्या."