लाल ठिपका

दोघी सख्ख्या बहिणी, एकाच शाळेत शिकवायच्या. थोरली भौतिकशास्त्र, धाकटी संगणक. शाळाभर थोरलीला सगळे ताई म्हणत.

उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनाचं छोटं मॉडेल ही ताईची खास मालमत्ता. स्पिरिटचा दिवा पेटवायचा, काचेची नळी तापली की चाकाला बोटाने हलकासा झोका द्यायचा, आणि चाक टकटक करत फिरायला लागलं की वर्गात पिन पडली तरी ऐकू यायची. बारा वर्षं तो झोका ताईच्याच बोटाने दिला होता.

यंदा मुख्याध्यापिका म्हणाल्या, "धाकट्या बाई त्याला सेन्सर लावतील. दाब, तापमान, चाकाचं फिरणं, सगळं पडद्यावर दिसेल. पालकसभेला दाखवू."

ताई "छानच" म्हणाली खरी, पण अंगाची लाही लाही झाली. घरीही लहानपणापासून हेच. चित्र काढलं तर धाकटीचं भिंतीवर, ताईचं वहीत. आता आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला ही इथेही आली!

सभेच्या आदल्या दिवशी धाकटी वायरींच्या गुंत्यात बसली होती. दाब मोजायची बारीक नळी सिलिंडरला जोडून झाली होती, चाकाच्या आसावर फिरण्याचा सेन्सरही बसला होता.

"ताई, चाकावर दोन खुणा आहेत गं. मोठा पिस्टन पार आत गेला की कुठली वर येते? तिथून मोजायला सुरुवात करायचीय."

कानशीने केलेली खाच, हे ताईला झोपेतही सांगता आलं असतं. समोरच्या बाजूचा लाल ठिपका म्हणजे नेमकी उलटी जागा.

"लाल," ताई म्हणाली. आणि हात धुवायला निघून गेली.

सभेत चाक झोकात फिरलं, पण पडद्यावरचा दाब आणि आकारमानाचा आलेख, इंजिन काम करताना घ्यायला हवेत त्याच्या उलट्या दिशेने वळसे घेऊ लागला. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, यावरून तर इंजिन काम करत नाहीये, त्यालाच कुणीतरी फिरवतंय!" सगळे हसले. धाकटीचे कान लाल झाले. ती भराभर आकडे तपासू लागली.

"माझंच काहीतरी चुकलंय," ती पालकांना म्हणाली. "खूण ताईने सांगितलीय, ती चुकायची नाही."

ताईला वाटलं होतं, हे बघून पोट थंड होईल. झालं भलतंच. ती उठली.

"खूण चुकली. लाल नव्हे, खाच. माझ्याच तोंडून चुकीचं गेलं."

धाकटीने आकडा बदलला. आलेख सुलटा वळला, टाळ्या पडल्या. वर धाकटी म्हणाली, "बघा, ताई होती म्हणून सापडलं!" त्या वाक्याने ताईला चटका बसला. खोटं बोलून शाबासकी मिळवली होती तिने.

सभा संपल्यावर दिवा विझवताना तिने सांगून टाकलं. "चुकून नव्हतं गेलं. मुद्दाम सांगितलं."

धाकटी वायर गुंडाळायची थांबली.

"का?"

"तुझं कौतुक बघवलं नाही."

"लहानपणी माझ्या रंगांत पाणी ओतायचीस, ते तरी माझ्यासमोर ओतायचीस." एवढं बोलून ती पिशवी उचलून गेली.

आठ दिवस दोघींत बोलणं नव्हतं. आईने फोनवर विचारलं, तर दोघींनीही परीक्षेचं काम सांगितलं.

नवव्या दिवशी धाकटी प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. "इंजिनाच्या थंड टोकाला तापमानाचा सेन्सर नीट चिकटत नाहीये. जागा तू दाखव." मग आत येत म्हणाली, "पण मी स्वतः तपासून घेणार हं."

"घे," ताई म्हणाली आणि तिला स्टूल सरकवून दिलं.

तेवढ्यात मुख्याध्यापिका डोकावल्या. "वा, धाकट्या बाई, काय सुंदर काम चाललंय!" ताईच्या पोटात पुन्हा तसंच दुखलं. तिने सेन्सर नेमक्या जागी दाबून धरला.