खाडीपलीकडची भूक

पाच महिन्यांच्या छकुलीला मागे ठेवून डोंगर चढायला जावं, असं केसरच्या मनात स्वतःहून कधी आलंच नसतं. ते खूळ रंगूचं. अलिबागच्या शाळेत एका बाकावर बसणाऱ्या केसर, रंगू आणि जनी लग्नांनंतर पहिल्यांदाच चार दिवस काशीदच्या समुद्रावर एकत्र आल्या होत्या. उतरल्या होत्या जनीच्या ओळखीच्या मुनिराकडे, नारळीच्या वाडीत. मुनिराचा नवरा बोटीवर नोकरीला. घरी ती आणि तिचा अंगावर पिणारा मुलगा.

"आई झालीस म्हणून काय खुंटाला बांधलंय तुला?" रंगू म्हणाली.

"अगं, पण ती बोंडल्याला तोंडसुद्धा लावत नाही. भूक लागली तर?"

"जा हो, मी हाय नं," मुनिराने छकुलीला कडेवर घेतलं. "फकत भरतीच्या आत खाडी ओलांडा. एकदा पानी चढलं का सांजपर्यंत पायी जायाला उतार न्हाय गावायचा. होडीवाला धर्मा पन लग्नाला गेलाय मुरूडला."

पोटभर पाजून केसर निघाली. गुडघाभर पाण्यातून तिघी पलीकडे गेल्या आणि रान सुरू झालं. वेलींना धरत, दगडांवर हात टेकत चढताना करवंदांनी जिभा काळ्या झाल्या. डोक्यावरून एक शेकरू झेपावलं तेव्हा जनी अशी किंचाळली की केसरला हसू आवरेना. कितीतरी महिन्यांनी ती अशी हसत होती. माथ्यावरून समुद्र दिसला, वाडी दिसली, आणि तिला वाटलं, आता निघावं.

उतरताना रंगूचा पाय दोन दगडांत अडकला. घोटा बघता बघता सुजला.

"तू पुढे हो केसर," रंगू रडवेली झाली.

पण जनीला एकटीला रंगू आवरणार नव्हती, आणि केसरला वाट सापडणार नव्हती. दोघींनी तिला खांदा दिला. रंगू पावलापावलाला विव्हळे, मध्येच बसकण मारी. केसरची छाती दगडासारखी झाली होती. घड्याळ नसलं तरी छकुलीची वेळ तिला अंगात कळत होती.

खाडीवर आल्या तेव्हा उतार बुडाला होता. तिघींपैकी एकीलाही पोहता येत नव्हतं. पलीकडच्या काठावर मुनिरा उभी होती, खांद्यावर छकुली. रडणं इथवर ऐकू येत होतं. रडून रडून घोगरं झालेलं.

"पाजू काय?" मुनिराने हाक घातली. वाऱ्यावर शब्द स्पष्ट आले.

"तुझ्या सासूबाईंच्या कानावर गेलं तर?" जनी हळूच म्हणाली.

केसरला सासूबाई दिसल्या, त्यांचं सोवळं दिसलं, आणि सगळ्यावरून ते घोगरं रडणं. तिने हात वर केला. "पाज!"

वारा मुनिराकडून इकडे येत होता. हाक कुठेच पोचली नाही. वर केलेला हात मुनिराने 'नको, थांब' असा घेतला असावा, कारण ती मागे सरली आणि नुसतीच पोरीला थोपटू लागली. तिघींनी मिळून ओरडून पाहिलं. मुनिरा कानामागे हात धरी आणि मान हलवी.

केसर छातीभर पाण्यात शिरली. जनीने तिला झिंज्या धरून ओढून बाहेर काढलं. "तू बुडलीस तर तिला कोण गं?"

मग केसर ओल्या वाळूत मांडी घालून बसली. पदराचा बोळा केला, छातीशी धरला, त्याच्यावर मान वाकवली आणि डोलू लागली. पलीकडे काठावर गळ टाकून बसलेले दोन पुरुष बघत होते. बघोत.

मुनिरा क्षणभर थबकली. मग केवड्याच्या आडोशाला, इकडे पाठ करून खाली बसली.

रडणं एकदा चढलं, तुटलं, पुन्हा चढलं. मग थांबलं.

"घेतलं गं, घेतलं तिने!" रंगू सुजलेला पाय विसरून ओरडली.

केसरला पान्हा फुटला होता. चोळी भिजली, बोळा भिजला. मुनिराची पाठ तेवढी दिसत होती. पाणी अजून चढतच होतं, आणि केसरला तो पदर छातीपासून दूर करवत नव्हता.